माणसं मोजायचा पाठ

"पुन्हा मोज," आई म्हणाली.

ठमीने टेबलावर मांडलेल्या वाट्यांना एकेक बोट लावलं. "एक, दोन, तीन, चाल."

"आणि घरात माणसं किती?"

"चाल."

बाबांनी कपाळाला हात लावला. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांकडून बारीक अक्षरं वाचून घेणारा हा गृहस्थ पावणेतीन वर्षांच्या पोरीपुढे टेकीला आला होता.

बाकी हिशेबात ठमी तरबेज. जिना चढताना नऊ पायऱ्या मोजायची. कपडे वाळत घालताना आईला चिमटे दोन-दोन करून द्यायची. मोज्यांच्या ढिगातून लहान कुठला, मोठा कुठला, झोपेतही सांगितलं असतं. गाडी अडायची ती फक्त माणसांपाशी.

"त्या बाहुलीलाही धरते ही," बाबा म्हणाले. "गुरुवारी शाळेच्या बाई घर बघायला येणार. पोरांना वाट्या मांडायला लावतात म्हणे. फॉर्मात आपण तीन लिहिलंय. जागा चाळीस, अर्ज चारशे. ही चार म्हणाली की बसा बोंबलत."

"लहान आहे हो ती," आई खाली बघत म्हणाली.

"म्हणूनच आत्ता शिकेल."

बाहुली कपाटावर गेली. मग रोज जेवणाआधी तोच पाठ. आई, बाबा, ठमी. ठमी चौथी वाटी उचलायची आणि आई ती तिच्या हातातून काढून घ्यायची. काढून घेताना आईला पोरीच्या तोंडाकडे बघवत नसे. एकदा ठमी वाटी पोटाशी घट्ट धरून बसली, बाबांनी आवाज चढवला, तेव्हा आईच आत जाऊन नळ सोडून उभी राहिली.

गुरुवारी बाई आल्या. चहा घेतला, ठमीची चित्रं बघितली.

"काय ठमाताई, जेवायला कोण कोण बसणार? मांडा बरं वाट्या."

ठमीने आईकडे बघितलं. आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

एक वाटी. दुसरी. तिसरी.

"आई, बाबा, मी. तीन."

"शाब्बास," बाई म्हणाल्या. "घरी मेहनत घेता तुम्ही, दिसतंय."

बाबा फुलून गेले. आईला मात्र ती शाबासकी चपराकीसारखी लागली.

बाईंची पावलं जिन्यावरून उतरून गेली, तशी आईने धावत जाऊन मागच्या खोलीची कडी काढली. लोकांसमोर घास सांडतो म्हणून दुपारपासून तिथे गप्प बसवलेल्या सासूबाईंना हाताला धरून टेबलाशी आणलं आणि त्यांच्यापुढे वाटी ठेवली.

ठमीने ती लगेच उचलून घेतली. "आई, बाबा, मी," ती आजीला समजावून सांगू लागली. "तीन."

"बरोबर मोजलंस गं बाई," आजी म्हणाली आणि थरथरते हात मांडीवर घेऊन बसली.