रजईखालचा आवाज

“लुआऽऽ, भात निवला गंऽ!” मेकाँग नदीच्या फाट्यावरून माची, तिच्या आईची, हाक अशी यायची, की आधी पाणी हलायचं आणि मग कान.

कागदावर ती हाक अशी उतरली होती : ‘माझी आई मला प्रेमाने बोलावीत असे.’

लुआनं ते वाक्य पुन्हा वाचलं. डोक्यावरून रजई, हातात फोन, अंगभर घाम. बाहेरची गडबड आत येऊ नये म्हणून रजईत शिरून बोलायचं, हे कुओ बाईंनी शिकवलेलं. गावच्या शाळेत त्या परदेशातून आलेल्या सुनांचा वर्ग घ्यायच्या. प्रत्येकीनं आपली तीन मिनिटांची गोष्ट करायची होती. फोटो आपले, आवाज आपला. उद्या शाळेत पडद्यावर सगळं गाव बघणार. आवाज आज सहाच्या आत पोचला नाही, तर बाई दुसऱ्या कुणाकडून वाचून घेणार होत्या. लुआला नेमकं तेच नको होतं. सासरी, युनलिनमध्ये आल्यापासून तिच्याबद्दल दुसरेच बोलत आले होते.

“बातम्या संपल्या का?” बाहेरून सासूचा आवाज आला. म्हातारी आथो उंबऱ्यात बसून कात्रीनं लसणाच्या मुळ्या छाटत होती. “की हवामान राहिलंय अजून?”

“आई, जरा गप्प बसा ना!”

“मी गप्पच आहे. माझी कात्री बोलतेय.”

“बाई म्हणतात, गोष्टीत सगळं आहे, पण तू कुठे आहेस?” लुआ रजईतूनच म्हणाली.

“त्या शिकलेल्या, गोड सांगतात. मला ऐकून झोप आली.”

लुआनं दात आवळले आणि फोनवरचा लाल ठिपका दाबला. “माझी आई मला प्रेमाने—”

रस्त्याच्या टोकाला कचरागाडीची धून वाजली.

“गाडी!” दोघी एकदम ओरडल्या.

इथं कचरा रस्त्यावर ठेवायची सोय नाही. गाडीत आपल्या हातानं टाकायचा, आणि गाडी चुकली तर परवापर्यंत घरात नांदवायचा. रजई उडाली. फोन गादीवर पडला.

“आई, फ्रीजरमध्ये माशाची डोकी आहेत!”

“गोठलीयत गं, सुटत नाहीत!”

“डब्यासकट द्या!”

एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात डबा, पायांत दोन जोडांतल्या दोन चपला. लुआ सुटली. गाडी वळणावर पोचली होती. “थांबाऽऽ! अहो, थांबाऽऽ!” तिच्या हाकेनं भातखाचरातली बदकं उडाली.

“अगं, नवरा पळाला असता तरी एवढी धावली नसतीस!” शेजारीण खिदळली.

“नवरा रात्री येतो घरी! गाडी परवाच!”

परत आली तेव्हा तिला दम लागला होता आणि हसू आवरत नव्हतं. ती धपकन सासूशेजारी उंबऱ्यात बसली. म्हातारीही हसून हसून डोळे पुसत होती.

“काय गळा गं हा! इतकी वर्षं कुठे ठेवला होतास?”

“माझ्या माचा आहे,” लुआ धापा टाकत म्हणाली. “ती अशीच ओरडायची, पाण्यावरून. मी मुद्दाम होडी लांब न्यायचे. एका हाकेत आले तर दुसरी कशी ऐकू येणार?” ती थांबली. मग शब्द आपोआप येत गेले. सासरच्या भाषेतली क्रियापदं चुकत होती, सूर भलतीकडे वळत होते, पण ती बोलत राहिली. “लग्न होऊन निघाले, त्या सकाळी मा काठावर आलीच नाही. चुलीपाशी बसली. होडी सुटली आणि आतून हाक आली. ‘भात निवला गं.’ रोजच्यासारखी. मी वळले नाही, आई. वळले असते तर उतरले असते. मग ती कायमची गेली, तेव्हाही मी वेळेत पोचले नाही.”

कात्री थांबली होती.

लुआची नजर गादीवर गेली. फोनवर आकडे पळत होते.

“अगं बाई! हे चालूच आहे!” ती उठलीच. “माशाची डोकी, बदकं, सगळं आलं असेल यात! मी आहे यात, आई! हेच पाठवते. असंच्या असं!”

तिचं बोट लाल ठिपक्याकडे गेलं. मागोमाग आलेल्या सासूनं तिचं मनगट धरलं.

“थांब. चालू राहू दे.”

म्हातारीनं हात पदरासारख्या मळक्या एप्रनला पुसले. फोनकडे पाहिलं नाही, सुनेकडेही नाही.

“लग्नाच्या मांडवात तुझ्या मानं माझे दोन्ही हात धरले होते. काहीतरी मागितलं तिनं. रडली नाही, सरळ डोळ्यांत बघून मागितलं. मला एक अक्षर कळलं नाही. दुभाष्या जेवायला गेलेला. मी आपली मान हलवली, हो म्हणून. न कळता हो म्हटलं, हे तुला सांगायची मला कायम लाज वाटली.”

बाहेर धून लांब गेली होती.

“काय मागितलं होतं ते मला अजून ठाऊक नाही,” सासू म्हणाली. “पण मिळालं का गं तुला?”