खेकड्यांचं दळण

"तो बघ, दगडामागे अजून एक. मार त्याला."

धाकट्याने बटण दाबलं. पडद्यावरच्या योद्ध्याने तलवार उगारली, खेकडा उताणा पडला आणि कोपऱ्यातली निळी पट्टी केसभर पुढे गेली.

"सरकली?" दादाने उशीवरूनच विचारलं.

"सरकली."

"मग थांबलास कशाला? पुढचा बघ."

सगळा खेळ असाच होता. डोंगरमाथ्यावर एक दार होतं आणि ते ऐंशीव्या लेव्हलशिवाय उघडत नव्हतं. तिथवर पोचायचं तर दलदलीतले खेकडे मारायचे. मारलेले पुन्हा उगवायचे, ते पुन्हा मारायचे. हा खेळ बनवणाऱ्याला जन्मभर मटार सोलायला बसवलं पाहिजे, असं धाकट्याचं स्पष्ट मत होतं. तो लोकांची वॉशिंग मशीन दुरुस्त करायचा. या दळणापुढे ते काम म्हणजे सहल होती.

पण दादापुढे बोलायची सोय नव्हती. दादाच्या हृदयाची झडप खराब झाली होती. दोन वाक्यं बोलला की धाप लागायची आणि बोटांत त्राण उरलं नव्हतं. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं, तेव्हा दादाने "मला कापाकापी नको" म्हणत भिंतीकडे तोंड केलं होतं. पुन्हा तो विषय घरात निघाला नाही.

आईवडील गेल्यावर याच दादाने धाकट्याला वाढवलं. त्या नादात स्वतःचं लग्न राहून गेलं, तरी कधी हूं की चूं केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने काही मागितलं होतं. "एकदा ते दार उघडलेलं बघायचंय मला."

धाकट्याने कंबर कसली. डोळे दादाचे, बोटं धाकट्याची. एकोणऐंशीवी लेव्हल आली, तेव्हा दोघांनी शाळकरी पोरांसारखा आरडाओरडा केला.

त्याच सकाळी इंजेक्शन द्यायला येणाऱ्या सिस्टरने त्याला दाराशी गाठलं.

"एवढ्यात संपवू नका हो तो खेळ," ती हळूच म्हणाली. "मी खूप पेशंट बघितलेत. काहीतरी राहिलेलं असतं ना, तोवर माणूस तग धरतं. ते झालं की मग..." आणि तिने चपला पायात सरकवल्या.



दुपारी दादाचा डोळा लागला. धाकट्याने आवाज बंद केला आणि योद्ध्याला खोल पाण्यात उभं केलं. या खेळात बुडून मेलं की एक लेव्हल जायची. योद्धा बुडाला.

"अठ्ठ्याहत्तर?" संध्याकाळी दादाने डोळे बारीक केले. "असं कसं?"

"तू झोपल्यावर एकटाच खेळत होतो. मेलो."

"गाढवा!" दादा हसला आणि हसता हसता खोकत राहिला. "चल, लाग कामाला."

मग हेच सुरू झालं. दोघांनी मिळून कमवायचं आणि दुपारी धाकट्याने ते बुडवायचं. कधी वीज गेली म्हणून सांगायचं, कधी चुकीचं बटण दाबलं म्हणून. दादा एकदाही चिडला नाही. धाकट्याला त्याचंच जास्त लागायचं.

"कंटाळला असशील तर सांग," दादा एकदा म्हणाला.

"छे! कंटाळा कसला त्यात?"

"नाही, मला ते आधी व्हायला हवंय म्हणून म्हटलं."

"कशाच्या आधी?"

"आहे काहीतरी. तू खेकडे मार."

कशाच्या आधी, हे धाकट्याला न सांगताच कळलं. तो पाणी प्यायच्या निमित्ताने उठला आणि ओट्याशी तोंड दाबून रडला. त्या दुपारी त्याने योद्ध्याला दोनदा बुडवलं.

दिवस गेले. दादा वाळत चालला, पण होता. आपणच त्याला धरून ठेवलंय, या विचाराने धाकट्याला रोज सकाळी हुरूप यायचा.

तपासणीच्या दिवशी सर्जनने दादाला बाहेर बसवून धाकट्याला आत बोलावलं.

"तब्येत स्थिर आहे ना, डॉक्टर?"

"होती. मागे झडप बदलता आली असती, तेवढी ताकद होती त्यांच्यात. आता मी त्यांना टेबलावर घेऊ शकत नाही. उशीर झालाय."

"पण तो ऑपरेशनला तयारच नव्हता!"

"नंतर झाले की तयार. मला स्वतःहून फोन केला होता त्यांनी."

धाकटा खुर्चीत बसला. "मग मला का नाही सांगितलं?"

"त्यांनीच नको म्हटलं. भावाला कळलं तर हातातलं टाकून मला इथे आणून बसवेल, म्हणाले. आणि टेबलावरून उठलोच नाही तर राहून जायला नको, म्हणून एक काम आधी उरकायचं होतं त्यांना." सर्जनने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी थांबलो हो. जमेल तेवढं थांबलो. फोन केला की दर वेळी म्हणायचे, 'डॉक्टर, जरासंच राहिलंय. एवढी एक लेव्हल झाली की येतोच.'"