हलक्या वापराची मशीन

“घरात माणसं किती, ताई?” दुकानदार राजदीपनं विचारलं.

“चार,” उज्ज्वला म्हणाली. “आम्ही दोघं अन् सासू-सासरे. वापर हलकाच हाय. देठं, सालपटं, उरलंसुरलं खरकटं.”

तिचे सासरे भावसिंग बाजूच्या स्टुलावर बसले होते. उजवा हात सदऱ्याच्या खिशात होता, आणि खिशात पाच चिंचोके होते.

राजदीपनं काउंटरवर तीन मशिनी मांडल्या. बेसिनखाली बसवायच्या, खरकटं दळून पाण्याबरोबर नालीत सोडणाऱ्या. एक चांगली थोराड, एक मधली, आणि एक एवढीशी, तांब्याएवढी.

“जुनी कशानं गेली?”

“मोटर जळली,” भावसिंग घाईघाईनं म्हणाले. “लय जुनी झालती.”

“किती वर्षं?”

“आठ महिने,” उज्ज्वला म्हणाली.

भावसिंगांनी पंख्याकडे पाहिलं. सत्तरी आली तरी खोटं बोलणं त्यांना काही जमलं नव्हतं.

खरी गोष्ट त्यांना एकट्यालाच ठाऊक होती. पाच दिवसांपूर्वी मेकॅनिक आला, तेव्हा मुलगा ओम कंपनीत होता, उज्ज्वला शाळेत शिकवायला गेली होती आणि भावसिंगांची बायको भुरीबाई न्हाणीत होती. मेकॅनिकनं मशीन उघडली, पात्याखालून चिंचोके उपसले आणि भावसिंगांच्या तळहातावर ठेवले. “आजोबा, हे अडकून मोटर जळली. कोनं टाकले?” भावसिंगांनी मूठ मिटली. कोणी टाकले हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

तांडा सोडून लोहाऱ्यात लेकाच्या घरी आल्यापासून भुरीबाईचा एकच नेम होता. सकाळी सालपटं आणि शिळ्या भाकरी बादलीत भरायच्या, आणि मागच्या मोकळ्या प्लॉटवर जाऊन नलूच्या बकऱ्यांना घालायच्या. नलूही तांड्यातलीच. बकऱ्या खात राहायच्या आणि या दोघी तासभर तांड्याच्या गोरबोलीत बोलायच्या. अख्ख्या शहरात भुरीबाईला तेवढंच एक माणूस होतं.

मग कॉलनीतल्या कुणीतरी ओमला विचारलं, “तुमची आई कचरा गोळा करते का?” ओमला ते फार लागलं. आठ दिवसांत मशीन आली आणि बादली माळ्यावर गेली.

“बादली नसली तं काय झालं? तशीच जा ना,” भावसिंग भुरीबाईला म्हणाले होते.

“रिकाम्या हातानं? कोनाच्या जनावरापाशी रिकाम्या हातानं जाते का कोनी?”

ती भांडली नाही, आणि त्याचंच त्यांना वाईट वाटत होतं. नुसती खिडकीत बसायची. गुडघे दुखतात म्हणायची.

मशीन बंद पडली आणि बादली खाली आली. या पाच दिवसांत भुरीबाईनं गुडघ्यांचं नाव काढलं नाही. काल तर भाकरी थापताना गुणगुणत होती. पण आईनंच मशीन मोडली हे ओमला कळलं असतं, तर घरात महाभारत झालं असतं.

“हिच्यात काय काय टाकायचं नाही?” उज्ज्वलानं विचारलं.

“आंब्याची कोय, बोराच्या बिया, चिंचोके,” राजदीप म्हणाला. “मोठी तं चिंचोकेबी पचवते. लहानीत गेले का अडकली समजा.”

उज्ज्वला ते मोबाइलमध्ये लिहून घेऊ लागली. भावसिंगांनी खिशातली मूठ आवळली. पोरीला संशय आला, त्यांना वाटलं. सून मनानं चांगली होती, पण शेवटी मास्तरीण. वर्गातली कॉपी तिच्या नजरेतून सुटत नसे.

“मोठीच घ्या, ताई. पंधरा वर्षं पाहाचं काम नाही.”

पंधरा वर्षं. भुरीबाईला अडुसष्टावं लागलं होतं. पंधरा वर्षं ती खिडकीत.

“लहानी घे, बाई,” ते म्हणाले. “हलका वापर हाय आपला. मोठी कायले?”

बोलताना त्यांना मनापासून लाज वाटली. लेकाच्या कमाईची वस्तू मुद्दाम कमजोर घ्यायला लावायची, म्हणजे चोरीच की. उज्ज्वलानं त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या खिशातल्या हाताकडे. आता ती मोठीच घेणार, अशी त्यांची खात्री झाली.

“लहानीच द्या,” ती राजदीपला म्हणाली.

संध्याकाळी मशीन बसली. ओमनं बटण दाबलं, दोडक्याची सालं घुर्र करून गेली आणि तो खूश झाला. “आता बादली नको, याडी,” तो आईला म्हणाला. भुरीबाईनं बादली धुतली आणि अंगणात पालथी घातली.

ओम बाहेर गेल्यावर भावसिंग तिच्याजवळ गेले आणि मूठ उघडली.

“घे. मी कोनाले सांगतलं नाही. पन आता जरा दम धर. लगेच नको टाकू.”

“हे कायचे?”

“मशीनमंधले. तू टाकलेले.”

“मी?” भुरीबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. “मले तिचं बटन बी मालूम नाही. सेवाभायाची आन, मी हात नाही लावला तिले.”

तांड्याच्या दैवताची आन ती खोटी घेणार नाही, हे पन्नास वर्षांच्या संसारात ते शिकले होते. त्यांनी चिंचोके पुन्हा खिशात टाकले आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले.

उज्ज्वला पाठमोरी उभी राहून ओटा पुसत होती. वळून न बघताच तिनं ओला हात मागे पसरला.

“बाबा, ते पाचही चिंचोके माझ्यापाशी द्या,” ती हळूच म्हणाली. “घरातली चिंच संपली, अन् पुढच्या महिन्यात लागतील.”