ओटीचं तबक

पहिल्या सोनोग्राफीचा फोटो पाकिटात ठेवताना मकरंदला बाळ नव्हे, वसुमतीकाकू दिसत होती. चार वर्षांपूर्वी चुलतबहिणीच्या डोहाळजेवणात काकूने त्याच्या बायकोच्या, शलाकाच्या हातातलं ओटीचं तबक सगळ्यांदेखत काढून घेतलं होतं. "तू नको भरूस गं, तुलाच अजून मूल नाही!"

"तीन महिने कुणाला सांगायचं नाही," शलाकाने त्याला बजावलं होतं. पण दुसऱ्या तपासणीला गेले, तर दवाखान्यात समोरच्याच बाकावर काकू, शेजारी तिची सून. मकरंदचं डोकंच फिरलं. शलाका बाही ओढत होती, तरी त्याने तो फोटो काकूच्या नाकासमोर नाचवला. "बघ नीट! आता तरी हिला ओटी भरू देशील ना?"

काकूचं तोंड एवढंसं झालं. मकरंदचा जीव थंड झाला. तेवढ्यात सुनेने हलकेच तो फोटो हातात घेतला.

"अभिनंदन हं, भावोजी," ती हसून म्हणाली. "आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली, अजून औषधंच चाललीत."

तबक काढून घेतलं तेव्हा शलाका अगदी अशीच हसली होती.