डाव्या हाताचा मान

“मॅडम, आधी चपला काढा. राजानं दिल्याला कलश हाय त्यो!” बापूसाहेब खेकसले.

जुन्या वस्तू पारखायला पुण्याहून आलेल्या रेश्मा मॅडमनी मुकाट्यानं चपला काढल्या. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सगळं रिहे गाव जमलं होतं. पाटावर पितळेचं भांडं. तोंड पसरट, गळा चिंचोळा, पोट गोल, वर हळदकुंकू आणि झेंडूची माळ. गडावरच्या टाक्यातला गाळ काढताना ते म्हसूला सापडलं होतं. पण म्हसू पडला मेंढ्या राखणारा, त्याला कोण विचारतो! तो तंबाखूचा बार भरून दाराशी बसला होता.

बापूसाहेबांनी आयटी पार्कजवळच्या माणच्या जमिनीवर खोल्या बांधून भाड्यानं दिल्या. पैसा उदंड झाला, पूर्वज तेवढे कमी पडत होते. गावच्या नव्या कमानीवर आपल्या मूळपुरुषाचं नाव ‘सरदार’ म्हणून लागावं, हा ध्यास. गाव म्हणालं, पुरावा आणा. आता कलशाच्या रूपानं पुरावा सापडला, तर या गृहस्थांनी मॅडमच्या निकालाआधीच चौकात फ्लेक्स लावला. डोक्याला फेटा, हातात तलवार, फोटो स्वतःचाच. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

मॅडमनी भांडं फिरवून पाहिलं. “हे धरायचं कसं, काही ऐकलंय घरात?”

“ऐकलंय? अवो, अजून करतुया आमी!” बापूसाहेब ताडकन उठले. डावा तळहात पुढं करून त्यावर तांबडा रुमाल पसरला. “दसऱ्याला पालखीच्या डाव्या अंगाला, अर्धं पाऊल मागं, आमच्याच घरचा माणूस असा हात धरून चालतुया. कलश हरवला, पर मान न्हाई सोडला. दुसऱ्या कुणाच्या घरात हाय का ही रीत? सांगा की रं!”

कुणाच्याच घरात नव्हती. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मॅडमनी भांडं अलगद त्या रुमालावर ठेवलं. नेमकं बसलं.

“मग शंकाच नको,” त्या म्हणाल्या. “हे धरायचा मान तुमच्याच घराण्याचा. सरदार विडा खायचे. त्यांना थुंकता यावं म्हणून डाव्या बाजूला, रुमालावर हे घेऊन माणूस उभा असायचा. पिकदाणी आहे ही.”

बापूसाहेबांचा हात तसाच पुढं राहिला.

दाराशी म्हसू उठला. तोंड तंबाखूनं भरलेलं. तो बापूसाहेबांसमोर आला, त्यांच्या हातावरच्या पिकदाणीकडे बघितलं, आणि मोठ्या अदबीनं मान हलवून थुंकायला बाहेर गेला.