शेवंतीची वरात

घोडी गल्लीतून चालली होती आणि तिच्या गळ्यातली दोरी महिपतकाकांच्या हातात नव्हती.

रुचिताचा घास हातातच राहिला. समोर तीन वर्षांची पिंकी 'आ' करून बसली होती. खाली ही घोडी, शेवंती, दिसली तरच पिंकी जेवायची, म्हणून दोन्ही वेळचा वरणभात याच खिडकीत. त्यामुळे जेसल पार्कच्या टोकाचा तो पत्र्याचा तबेला, तिथली पांढरी घोडी आणि तिला लग्नांच्या वरातींना नेणारे महिपतकाका रुचिताला पाठ झाले होते. पिंकीला घोडीवर बसायचं असायचं. रोज. "पडशील," रुचिता म्हणायची. तेही रोजच.

काका घोडीला बाहेर काढायचे ते लाल गोंड्यांच्या लगामाने. आज गळ्यात कोरी निळी नायलॉनची दोरी होती. दोरी धरणारा माणूस अनोळखी होता. आणि तो सारखा मागे वळून बघत होता.

दिवाळीनंतर तबेल्यातून शेवंतीचं खोगीर आणि जरीची झूल चोरीला गेली होती. तेव्हा गल्लीतल्या सोसायट्यांनी मिळून पहारा सुरू केला. ग्रुप झाला, पाळ्या लागल्या. संशय आला तर ओरडायचं काय, यावर मात्र मीटिंग रंगली. 'चोर' म्हणून ओरडलं तर एखादा गरीब उगाच मार खायचा. शेवटी तळमजल्यावरचे यतीनभाई म्हणाले, "'वरात' बोला ने! वरात म्हटलं की मराठी, गुजराती, यूपीवाले, सगळे खाली येतात." सगळे हसले आणि तेच ठरलं.

रुचिता आजवर दोनदा ओरडली होती. एकदा नाल ठोकायला आलेल्या माणसाला बघून. दुसऱ्यांदा खुद्द महिपतकाकांनाच बघून, कारण त्यांनी रेनकोट घातला होता. तेव्हापासून ती लिफ्टमध्ये शिरली की कोणीतरी हळूच बँडची धून गुणगुणायचं. तिचा नवरा अमोल परवाच म्हणाला होता, "रुचि, बस कर आता. तुला सगळ्यांत चोर दिसतो. उद्या खरा आला तरी कोणी उतरणार नाही."

कोणी नाही उतरलं तर?

माणूस वळणापाशी पोचला. तिथे एक टेम्पो उभा होता. मागची फळी उघडी.

"आई, शेवू कुठे चाललीये?" पिंकीने विचारलं.

रुचिताने ग्रिलला तोंड लावलं. "वरात! वरात!"

क्षणभर काहीच झालं नाही. मग खाली एक दार आपटलं. मग दुसरं. जिन्यात चपला वाजायला लागल्या.

पिंकीला कडेवर घेऊन ती खाली पोचेपर्यंत गल्ली भरली होती. यतीनभाईंच्या एका गालावर दाढीचा फेस होता. शेजारच्या वासंतीकाकू लाटण्यासकट आल्या होत्या. कोणीतरी टेम्पोसमोर रिक्षा आडवी घातली होती. माणसाला कोणी हात लावला नव्हता. नुसते गोल करून उभे होते.

"अरे मी चोर न्हाय!" तो रडकुंडीला आला होता. "तारोरी गावचा नाथा हाय मी. घोरी इकत घेतली हाय. ती पाय उचलत न्हाय, सारखी मागं बघते, म्हनून मी बघतो! महिपतला इचारा!"

"विचारतो, विचारतो," वासंतीकाकूंनी लाटणं नाचवलं. "आधी जागेवरून हलू नकोस."

तेवढ्यात महिपतकाकाच आले. खांद्यावर लाल लगाम होता.

"सोडा त्याला," ते खाली बघत म्हणाले. "मीच विकली."

वासंतीकाकूंचं लाटणं खाली आलं. रुचिताचे कान तापले. तिसऱ्यांदा. "पण काका, तुमचा लगाम नव्हता, म्हणून मला वाटलं..."

"आमच्या गावाकडे जनावर विकलं तरी लगाम देत नाहीत, पोरी. घरात ठेवतात." त्यांनी गोंड्यावरून बोट फिरवलं. "रात्र रात्र जागा असतो मी. जरा डोळा लागला की वाटतं, गेली. एकट्या माणसाने किती राखायचं?"

"एकट्याने? आम्ही होतो ना!"

"तुम्ही ग्रुपवर होतात. सकाळी गुलाबाचं फूल, रात्री शुभ रात्री. मला वाटलं..."

काका थांबले. त्यांनी पहिल्यांदाच वर पाहिलं. तो फेस, ते लाटणं, ती आडवी रिक्षा. मागून अजून माणसं धावत येत होती. एकाच्या पायात एकच चप्पल होती.

"ही सगळी शेवंतीसाठी उतरली?"

"मग शुं, नवरदेव बघायला?" यतीनभाईंनी फेस पुसला.

नाथा घोडीकडे बघत राहिला. मग गर्दीकडे. मग त्याने दोरीची गाठ सोडली. "घ्या तुमची घोरी, माझं पैसं परत द्या. तिकरं दर्यावर राखनारा मी एकलाच हाय. पन आधी चाय पाजा कोनीतरी, जीव गेला व्हता माझा!"

काकांनी लगाम चढवला. शेवंतीने मान खाली घालून तो घालून घेतला.

पिंकीने नेहमीसारखे दोन्ही हात पुढे केले. रुचिताच्या ओठांवर नेहमीचा शब्द आला. पाठीवर खोगीरसुद्धा नव्हतं. तिने आजूबाजूला बघितलं. दोन्ही बाजूंना, पुढे, मागे, सगळीकडे हात होते.

तिने पिंकीला उचललं आणि घोडीवर बसवलं.

"आई, ओरड ना!" पिंकी वरून म्हणाली.

बोलवायला आता घरात कोणी उरलंच नव्हतं. तरी रुचिता ओरडली, "वरात!"