मशीन बंद पडेपर्यंत

"माय, तू इथंच बस. मशीन बंद पडली की मले फोन लाव," लखन म्हणाला आणि त्यानं मेन स्विच खाली ओढला.

म्हाताऱ्या बापाच्या, जगदेवच्या उशाशी ठेवलेली ऑक्सिजनची मशीन क्षणभर अडखळली आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीवर पुन्हा घरघरू लागली. उद्या तारांचं काम होतं, रिठद गावची लाइन सकाळपासून दुपारपर्यंत बंद राहणार होती. तेवढा वेळ बॅटरीनं दम धरला तर म्हातारा घरी. नाही धरला तर पहाटेच वाशीमच्या दवाखान्यात. धनसिंगची गाडी सांगूनच ठेवली होती. म्हणून आज ही चाचणी; बॅटरी उतरली तरी रात्रभरात पुन्हा भरणार होती.

पोरगा भलता काटेकोर. फ्रीज, पंखा, टीव्ही, सगळ्यांच्या पिना त्यानं उपटल्या. बायकोचा मोबाइल चार्जिंगवरून ओढला तेव्हा वैभवी करवादलीच. शेवटी तो बॅटरीला लावलेलं इवलंसं मीटरही सोडवायला बसला.

"आता त्या मीटरनं काय घोडं मारलं तुमचं?"

"त्यातला लाल दिवा बी करंट खाते. मले खरा आकडा पायजे. मशीन सोडून मुंगी बी नोको या बॅटरीवर."

मग दोघं मोटारसायकलवरून हळद काढायला वावरात गेली. गाडीचा आवाज वळणापलीकडं गेला, तसा जगदेवनं खाटेवरून हात लांब केला आणि मशीनचं बटण बंद केलं.

"आवो! हे काय करून राह्यले?" कस्तुराबाई ताडकन उठली.

"बस तू. मले... दवाखाना नोको. तुले मालूम हाय."

तिला मालूम होतं. थोरला दीर नानाजी तिथं गेला तो चालत परत आलाच नाही. दवाखान्याचं नाव काढलं की तिच्याही अंगावर काटा यायचा. म्हणून ती बसली. पण बाई काही दगडाची नव्हती, जीव नुसता तुटत होता तिचा. नवऱ्याची छाती वरखाली होत होती, ओठ काळेनिळे पडत होते. फारच झालं की ती स्वतः उठून बटण लावायची. तो थोडा वेळ हवा ओढून घ्यायचा आणि पुन्हा बंद करायचा. बॅटरी आपली आरामात बसून होती, खर्ची पडत होता तो माणूस. कस्तुराबाई देवाचं नाव घेत त्याचे तळपाय चोळत राहिली.

दुपार कलल्यावर रस्त्यावर मोटारसायकल वाजली. जगदेवनं मशीन चालू केली. लखन चिखलाच्या पायांनीच आत आला.

"माय, अजून चालूच? मधात बंद नाई पडली?"

"नाई," कस्तुराबाई म्हणाली. तिची मान वर झाली नाही.

"वा रे पठ्ठी!" लखननं बॅटरीवर थाप मारली आणि फोन काढत अंगणात गेला.

जगदेवनं तिला खुणेनं जवळ बोलावलं.

"उद्या तू बी जाय वावरात. हळद लई पडून हाय. मी... राहतो एकटा."

कस्तुराबाई त्याच्याकडं पाहतच राहिली. हा दवाखान्याला भितो, एवढंच तिनं सकाळपासून धरलं होतं. उद्या घरात तीही नको, म्हणजे बंद केलेलं बटण पुन्हा लावणारं कोणीच नको.

"तुमाले जगाचंच नाई काय वो?"

"माह्या उशाशी किती दिवस बसान तुमी समदे? बस झालं आता."

एवढं बोलून त्यानं भिंतीकडं तोंड केलं.

अंगणात लखन हसत होता. कितीतरी दिवसांनी हसत होता पोरगा. "धनसिंगभाऊ, उद्याची गाडी राहू द्या. आमची बॅटरी लई दमदार निंघाली!"

कस्तुराबाई उंबऱ्याशी आली.

"लखन, फोन ठेवू नोको," ती म्हणाली. "त्याले म्हण, उद्या नोको. आत्ता ये."